परफॉर्मन्स टायर घेताय? मग लोड इंडेक्स बघा, आणि हवेसकट बघा

गाडी जरा पळणारी असली की टायर बदलताना सगळी चर्चा ग्रिपवर, रोड नॉइजवर आणि भावावर होते. कुठला टायर ओल्या रस्त्यावर चांगला धरतो, कुठला किती किलोमीटर जातो, कोण कितीला देतोय, यावर माणसं रात्र रात्र बोलतात. पण साइजच्या शेवटी जो नंबर असतो, म्हणजे ९१व्ही मधला ९१, ज्याला लोड इंडेक्स म्हणतात, त्याच्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे तो ट्रकवाल्यांनी बघायचा, आपल्याला काय गाडीतून सिमेंटच्या गोण्या न्यायच्यात का." मला हे अजिबात पटत नाही. सध्या मी स्वतः टायर बदलायच्या बेतात आहे त्यामुळे हा सगळा हिशोब डोक्यात ताजा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गाडी दीड लिटर टर्बो सेडान, टायर २०५/५५ आर१६ ९१व्ही. व्हर्टस, स्लाव्हियाच्या वरच्या मॉडेललाही हीच साइज येते, त्यामुळे बऱ्याच जणांना हा हिशोब जसाच्या तसा लागू पडेल. २०५ ही रुंदी, ५५ म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिम, हे सगळ्यांना माहितीच असतं. ९१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. हे नंबर जगभर सारखेच असतात, कंपनी कुठलीही असो. ८४ म्हणजे ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०. एक नंबर वर गेलं की साधारण अडीच-तीन टक्के वाढतात. वाचताना ८७ आणि ९१ मध्ये चारच नंबरचा फरक दिसतो, पण किलोमध्ये तो एका टायरमागे ७० होतो आणि एका अॅक्सलमागे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीमागे, १४०. म्हणजे दोन मोठी माणसं.

आता नेहमीचा युक्तिवाद घेऊ. गाडी सव्वा टनाची, चार टायर, ५४५ गुणिले चार म्हणजे २१८० किलो, मग अडचण काय? ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पहिली अडचण ही की वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स, त्यामुळे रिकाम्या गाडीत पुढच्या अॅक्सलवर जास्त, आणि पाच माणसं बसली, डिकी भरली की मागच्या अॅक्सलचं वजन झपाट्याने वाढतं. म्हणून बघायचं असतं ते अॅक्सलचं कमाल वजन. काही युरोपियन गाड्यांवर कंपनीने लावलेली वजनाची प्लेट असते (नंबर प्लेट नव्हे), तिच्यावर चार आकडे असतात, त्यातला "१-" लिहिलेला पुढच्या अॅक्सलचा आणि "२-" लिहिलेला मागच्याचा. त्याचा निम्मा म्हणजे एका टायरच्या वाट्याचं वजन. रिकाम्या गाडीचं वजन भागिले चार, हे गणित इथे चालत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ते ६१५ किलो ठराविक हवेवर असतात. साध्या टायरला, म्हणजे ज्याला स्टँडर्ड लोड म्हणतात त्याला, युरोपियन पद्धतीत हा आकडा २५० किलोपास्कलला धरलेला असतो, म्हणजे पंपावर आपण हवेचे जे आकडे सांगतो त्या पीएसआयमध्ये ३६. हवा कमी झाली की टायर तेवढं वजन पेलू शकत नाही. वजन धरून ठेवते ती आतली दाबलेली हवा, रबर आणि तारा ही त्या हवेची पिशवी आहे. त्यामुळे लोड इंडेक्स आणि हवा हे दोन वेगळे विषय नाहीतच, एकाचा आकडा सांगितला आणि दुसऱ्याचा नाही तर माहिती अर्धीच राहते.

हे आकड्यांत बघू म्हणजे पटेल. समजा एखाद्या सेडानच्या मागच्या अॅक्सलचं कमाल वजन ८८० किलो आहे, म्हणजे फुल लोडला मागच्या एकेका टायरवर ४४०. (आकडा समजण्यासाठी घेतलाय, तुमच्या गाडीचा तुम्ही प्लेटवर बघा.) ९१ चा टायर आणि ८७ चा टायर, दोन्ही स्टँडर्ड लोड, ३६ पीएसआयला ६१५ आणि ५४५. दोन्ही आरामात पास. आता हवा ३० वर आली, जी आपल्याकडे महिना-दीड महिना बघितली नाही की सहज येते, तर ९१ वाला साधारण ५३० वर येतो आणि ८७ वाला ४७० वर. अजूनही दोन्ही पास, पण ८७ वाल्याकडे ३० किलोच शिल्लक. आता एक बारीक खिळा घुसलाय, हवा हळूहळू जातेय, कळलं नाही आणि २६ वर आली. ९१ वाला साधारण ४७० ला, अजून तगून आहे. ८७ वाला ४२० च्या खाली. आता गाडी तीच, माणसं तीच, सामान तेच, पण त्या टायरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वजन आहे आणि चालवणाऱ्याला याचा पत्ता नाही, कारण २६ ला टायर डोळ्यांना काही फार बसलेला दिसत नाही. आणि लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साइडवॉलचा टायर तर अजिबात बसलेला दिसत नाही.

कुवतीपेक्षा जास्त वजन पडलं म्हणजे टायर लगेच फट्कन फुटतो असं नाही. होतं काय, तर प्रत्येक फेरीला साइडवॉल जरा जास्त वाकते, परत सरळ होते, परत वाकते, आणि ताशी १०० ला हे सेकंदाला साधारण १४ वेळा. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. रबर आणि आतल्या स्टीलच्या बेल्टमधली पकड या उष्णतेने हळूहळू सुटते. टायर फुटतो तो शेवटी, पण त्याची तयारी आधीचे कित्येक तास, कधी कित्येक महिने चाललेली असते. म्हणूनच "मी असेच टायर टाकलेत, वर्ष झालं, काही झालं नाही" या वाक्याला मी फार किंमत देत नाही.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फोर्ड एक्स्प्लोरर आणि फायरस्टोन प्रकरण. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने तब्बल ६५ लाख टायर परत मागवले. धावताना टायरचा वरचा थर सुटायचा, गाडी उलटायची, आणि अमेरिकेत २७० पेक्षा जास्त माणसं गेली. टायरमध्ये दोष होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही, पण वादातला एक मोठा मुद्दा हवेचा होता, फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय सांगितलेली आणि फायरस्टोन नंतर ३० म्हणत होती. २६ ला त्या टायरची राखीव कुवत आधीच कमी, त्यात उन्हाळा, भरलेली गाडी, हायवेचा स्पीड, आणि मालकाने हवा बघितली नाही की ती राखीव कुवतही संपली. या प्रकरणानंतर अमेरिकेत त्याच वर्षी नवा कायदा आला आणि आज आपल्या गाड्यांत जो टायर प्रेशरचा पिवळा दिवा लागतो त्याची सक्ती तिथे त्यातूनच झाली. राखीव कुवत हा पुस्तकी विषय नाही हे मला या प्रकरणाबद्दल वाचून पहिल्यांदा नीट समजलं.

आता आपल्याकडचा आवडता उद्योग, अपसाइझिंग. १६ ची रिम काढून १७ ची टाकायची. दिसायला गाडी एकदम बसते, हे मान्य, मलाही आवडतं. पण रिम मोठी झाली की टायरची साइडवॉल कमी होते, आत हवेला जागा कमी उरते, आणि जागा कमी म्हणजे त्याच प्रेशरला कुवत कमी. लोकांना उलट वाटतं, की मोठं चाक म्हणजे जास्त ताकद. २०५/५५ आर१६ ऐवजी २१५/४५ आर१७ टाकला तर बाहेरचा घेर जवळपास तोच राहतो, एक टक्क्याचा फरक, स्पीडोमीटरही बिघडत नाही, रुंदी वाढली म्हणून ग्रिपही वाढल्यासारखी वाटते. पण २१५/४५ आर१७ स्टँडर्ड लोडमध्ये ८७ चा येतो. वरचं सगळं उदाहरण मी म्हणूनच ९१ आणि ८७ चं घेतलं.

त्याच साइजमध्ये ९१ सुद्धा मिळतो, पण तो एक्सएल असतो, म्हणजे एक्स्ट्रा लोड. इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात, की चला ९१ ला ९१ मिळाला. आणि इथेच खरी गोची आहे. एक्सएल टायरचा आकडा २९० किलोपास्कलला, म्हणजे ४२ पीएसआयला धरलेला असतो. तुम्ही त्यात जुन्या सवयीने ३६ भरली तर तो साधारण ५४५ च पेलतो, म्हणजे ८७ च्या साध्या टायरएवढंच. एक्सएलचे पैसे दिले आणि हवा साध्या टायरची भरली तर लोडच्या बाबतीत हातात काहीच पडलं नाही. काही साइजमध्ये तर गंमत अशी की एकाच हवेला एक्सएल टायर साध्या टायरपेक्षा किंचित कमी पेलतो. माझ्याच साइजचं घ्या, २०५/५५ आर१६ मध्ये ९१ साधा आणि ९४ एक्सएल दोन्ही मिळतात. ३६ पीएसआयला साधा ६१५, एक्सएल ५९५ च्या आसपास. ३३ ला साधा ५७० च्या आसपास, एक्सएल ५५० च्या. नंबर मोठा असून कुवत कमी, कारण त्याचा ६७० चा आकडा ४२ पीएसआयसाठी आहे. बरोबरीला आणायचं तर एक्सएलमध्ये साधारण दोन पीएसआय जास्त भरावी लागते. हे दुकानात कोणी सांगत नाही.

मग एक्सएल घ्यायचाच कशाला? कारण त्याला वर जायला जागा आहे. साध्या टायरमध्ये ३६ च्या वर कितीही भरा, कुवत ६१५ च्या पुढे जात नाही, एक्सएलमध्ये ४२ पर्यंत वाढत जाते. साइडवॉलही बहुतेक वेळा जास्त मजबूत असते, खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटा बसून जो फुगा येतो तो यायची शक्यता जरा कमी. बदल्यात राइड थोडी कडक होते. पुण्यातल्या रस्त्यांवर, जिथे दर पावसाळ्यानंतर डांबर कमी आणि खडी जास्त अशी अवस्था असते, तिथे हा सौदा मला फायद्याचा वाटतो. पण १७ च्या ४५ प्रोफाइलला ३८-४० हवा भरून कर्वे रोडवरून रोज जायचं म्हणजे पाठीची परीक्षा आहे, आणि हवा कमी ठेवली तर टायरची. १६ ला मला ५५ ची साइडवॉल मिळते, हवाही सुसह्य राहते, म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आपल्या रस्त्यांवर या वर्गातल्या गाडीला १६ सोडून जायची गरज नाही. ज्यांना १७ करायचंच आहे त्यांनी २०५/५० आर१७ ९३ एक्सएल किंवा २१५/५० आर१७ मधला ९५ एक्सएल बघावा, २१५/५० मात्र उंचीला बराच वाढतो त्यामुळे आतल्या फेंडरला घासतो का ते आधी बसवून, स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून बघायचं.

सगळंच अपसाइझिंग वाईट असं नाही हं. पोलो जीटीवाले १८५/६० आर१५ वरून १९५/६० आर१५ वर जायचे, त्यात रिम तीच, टायर ८४ वरून ८८ वर, म्हणजे ५०० वरून ५६० किलो. रुंदी वाढली, कुवतही वाढली. तिथे लोडच्या बाजूने काही चुकत नाही. म्हणजे रिमच्या इंचांवरून काही ठरवू नका, नंबर बघा.

अजून एक गोंधळ. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात मॅक्स लोड आणि मॅक्स प्रेशर कोरलेलं असतं, आणि मॅक्स प्रेशर बऱ्याचदा ५० किंवा ५१ पीएसआय असतं. काही जणांना वाटतं की ही भरायची हवा, आणि काहींना वाटतं की तेवढी भरली तरच तो मॅक्स लोड मिळतो. दोन्ही नाही. ती हवेची शेवटची मर्यादा आहे. कुवतीचा पूर्ण आकडा साध्या टायरला ३६ ला आणि एक्सएलला ४२ ला मिळून गेलेला असतो. भरायची हवा गाडीच्या स्टिकरवर असते, दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत, आणि तिथे बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक फुल लोडसाठी. आपल्याकडे हा दुसरा आकडा कोणी वापरतच नाही. गणपतीला कोकणात निघताना पाच माणसं, डिकी गच्च, मखराचं सामान, आणि मागच्या टायरमध्ये पंपावरच्या मुलाने "किती टाकू साहेब" विचारल्यावर सांगितलेले तेच ते ३२. तेही गाडी दहा किलोमीटर चालवून गरम झाल्यावर मोजलेले, म्हणजे थंड असताना त्याहून कमीच. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजली तरच तो आकडा खरा.

माझा एक मित्र स्टुटगार्टला असतो, गोल्फ जीटीआय चालवतो, त्याच्या गाडीच्या कागदावरच टायर लिहिलेला आहे, २२५/४० आर१८ ९२वाय. या साइजमध्ये ८८ चा साधा आणि ९२ चा एक्सएल दोन्ही असतात, ५६० आणि ६३० किलो. त्याला मी विचारलं होतं की ८८ चा स्वस्तात मिळाला तर घेशील का. तो म्हणाला, "अरे इथे तो प्रश्नच येत नाही, तपासणीत गाडी पास होणार नाही." जर्मनीत हिवाळी टायरला स्पीडच्या अक्षरात सूट आहे, कमी स्पीडचा टायर चालतो, फक्त समोर दिसेल असं स्टिकर लावायचं की एवढ्याच्या वर जायचं नाही. पण लोड इंडेक्समध्ये अशी सूट नाही. मला हे फार बोलकं वाटतं. स्पीड कमी ठेवणं चालवणाऱ्याच्या हातात असतं, गाडीचं वजन नसतं.

त्यांच्याकडे अजून एक गोष्ट महत्त्वाची होते जी आपल्याकडे फारशी लागू पडत नाही, पण माहिती असावी. खूप जास्त स्पीडला लोड इंडेक्सची पूर्ण कुवत मिळत नाही. व्ही टायर २१० पर्यंत पूर्ण वजन पेलतो आणि २४० ला ९१ टक्केच. डब्ल्यू २४० पर्यंत पूर्ण, २७० ला ८५ टक्के. वाय २७० पर्यंत पूर्ण, ३०० ला ८५ टक्के. म्हणजे ऑटोबानवर २५० ने जाणाऱ्या गाडीला ८८डब्ल्यू टायर असेल तर ५६० चे झाले ५३२. स्पीडचं अक्षर आणि लोडचा नंबर हे शेजारी शेजारी छापतात ते उगाच नाही. ज्यांच्या गाडीचा निगेटिव्ह कॅम्बर वाढवलाय, म्हणजे चाकं वरच्या बाजूने आत झुकवली आहेत, त्यांनी आणखी जपायला हवं, कारण वजन टायरच्या आतल्या कडेवर गोळा होतं आणि उष्णताही तिथेच.

आपल्याकडे २५० चा विषय नाही, पण समृद्धीचा आहे. ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा, सिमेंटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, आणि मध्ये न थांबता तासन् तास एकाच स्पीडने. शहरात टायरला सिग्नलला थंड व्हायला वेळ मिळतो, तिथे मिळत नाही. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो, मग आरटीओने एंट्रीला टायर बघायला सुरुवात केली, गोटा झालेले टायर असतील तर गाडी परत पाठवायची. चांगलंच आहे ते. पण तिथे बघितली जाते ती नक्षी. हवा मोजल्याशिवाय आणि लोड इंडेक्स साइडवॉलवर वाचल्याशिवाय कळत नाही, ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं. सिमेंटच्या रस्त्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण सिमेंट आणि ऊन सगळ्यांनाच सारखं असतं, त्यात पहिला बळी जातो तो कमी हवेच्या आणि जास्त वजनाच्या टायरचा.

"नायट्रोजन भरली की झालं" असंही सांगतात. नायट्रोजनने हवा थोडी हळू उतरते, एवढंच. कुवत प्रेशरवर ठरते, आत कुठला वायू आहे त्यावर नाही.

आता प्रश्न असा की हे सगळं माहिती असूनही माणसं कमी नंबरचा टायर का घेतात. पैसा हे एक कारण, पण आपल्याकडे मोठं कारण आहे माल मिळत नाही हे. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली टाकली, आणि परफॉर्मन्स साइजचे बरेच टायर बाहेरूनच यायचे. १५-१६ इंचीवाल्यांना इथे बनणारे पर्याय आहेत, पण १८ आणि १९ वाल्यांची फार पंचाईत झाली. बीएमडब्ल्यू एम३४०आय सारख्या गाडीला पुढे मागे वेगळी साइज, पाहिजे तो टायर चारही चाकांना एकदम मिळेल याची खात्री नाही. मग दुकानदार जे आहे ते दाखवतो, "साइज सेम आहे, बिनधास्त टाका." मी त्यांना सरसकट दोष देणार नाही, त्यांच्याकडे जे येतं तेच ते विकणार. पण लाखोंची गाडी आणि तिच्यात बसणारी आपली माणसं, तिथे आठवडा-दोन आठवडे थांबून बरोबर नंबरचा टायर मागवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. थांबून मागवलेला टायर आला की त्याच्यावरचा चार आकडी कोडही बघा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. फार जुना पडून राहिलेला स्टॉक असेल तर सरळ नाही म्हणा.

माझ्या नेहमीच्या टायरवाल्या दादांशी मागे बोलणं झालं तेव्हाही हाच विषय निघाला. ते म्हणाले, "सर, ८९ चा आहे १७ मध्ये, सगळे टाकतात." मी म्हटलं, "दादा, ८९ म्हणजे ५८०, माझ्या गाडीला ६१५ चा आहे, एक्सएल ९३ असेल तर सांगा." त्यांनी रॅकवरचे दोन टायर उतरवून साइडवॉलवर टॉर्च मारून दाखवलं, एकावर ८९व्ही, दुसऱ्यावर ९३डब्ल्यू आणि शेजारी एक्सएल, त्याच साइजचे, फरक तीन हजारांच्या आसपास. उचलून बघितले तर एक्सएलवाला हाताला जरा जड लागला. मग तेच म्हणाले, "एवढं विचारणारे कमी येतात, नाहीतर मी दोन्ही दाखवले असते." खरं सांगतो, या वाक्याने मला बरं वाटलं. म्हणजे विचारलं तर मिळतं.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हा विषय आणखी तापणार आहे. बॅटरीमुळे वजन कुठच्या कुठे जातं, आणि टॉर्क तर सुरुवातीपासून पूर्ण. एक्सएल सुद्धा पुरेना म्हणून एचएल नावाचा प्रकार आला, हाय लोड, पिरेलीने २०२१ मध्ये ल्युसिड एअर या इलेक्ट्रिक गाडीसाठी आणला, साध्या टायरपेक्षा २० टक्के जास्त पेलणारा. ज्यांच्या इव्हीला कंपनीने एक्सएल किंवा एचएल दिलाय त्यांनी बदलताना ती अक्षरं साइजचाच भाग धरावीत. तिथे वजन मुळातच काठावर असतं, राखीव कुवत फार नसते. हेच युरोपियन परफॉर्मन्स गाड्यांचं. ज्या गाडीला मुळातच एक्सएल आहे आणि स्टिकरवरची हवाही ३८-४० आहे, तिथे साधा टायर टाकून हवा वाढवली तरी भरपाई होत नाही, कारण साध्याची कुवत ३६ ला संपते. या एका बाबतीत "थोडी जास्त हवा भरू" हा उपाय चालतच नाही.

टायरवर स्टार, एमओ, एओ, एन असली चिन्हं असतात, अनुक्रमे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, पोर्शसाठी जुळवलेली, ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मी एकवेळ चिन्ह सोडेन, लोड इंडेक्स सोडणार नाही.

तर माझं ठरलंय ते असं. रिम १६ चीच ठेवतोय, २०५/५५, टायर ९४ एक्सएल, स्पीडचं अक्षर व्ही किंवा वरचं. रोजच्या वापराला स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय जास्त, थंड टायरला, सकाळी. फुल लोड असेल तेव्हा स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा अधिक दोन, ४२ च्या आत. स्टेपनी मूळचीच ९१ ची आहे, ती तशीच राहील, फक्त तिचीही हवा दर महिन्याला बघायची. कोणाकडे ९४ एक्सएल या साइजमध्ये आधीपासून असेल आणि राइड कितपत कडक वाटते ते सांगता येत असेल तर नक्की लिहा, हवा किती ठेवता त्या आकड्यासकट, कारण नुसतं "मस्त आहे" वाचून मला काही ठरवता येत नाही.